आमची वाटचाल : बेदाण्याच्या शेडवरनं कुपवाडच्या वर्कशॉपपर्यंत

सांगलीत बसून हार्डवेअरचं स्टार्टअप कसं चालवताय, पुण्याला का गेला नाही, सरकारी योजनेचे पैसे खरंच हातात येतात का, असं विचारणारे फोन बरेच येतात म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतो.

आम्ही बेदाणा शेडसाठी आर्द्रता आणि तापमान मोजणारं यंत्र बनवतो. मामेभावाची तासगाव तालुक्यात शेड आहे, तिथनंच हे डोक्यात आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात, सावलीत दोनेक आठवडे वाळवतात आणि साधारण चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो. भाव ठरतो रंगावर. हिरव्या मालाला वेगळा दर, काळपट पडला की वेगळा, आणि तो फरक एखाद्या दमट रात्रीत पडतो, त्यात फेब्रुवारी ते एप्रिल म्हणजे अवकाळीची टांगती तलवार असतेच. रात्री दोन वाजता खालच्या रॅकमध्ये दमटपणा वाढला हे शेडवाल्याला सकाळी कळून काय उपयोग, तेव्हाच मोबाईल वाजला तर माणूस उठून पडदे सोडेल, ब्लोअर लावेल. एवढीच आयडिया होती.

पहिलं यंत्र बाजारातला साधा सेन्सर घेऊन घरच्या टेबलावर जोडलं, चाललंही, पण शेडमध्ये काही आठवड्यांनी आकडे सरकायला लागले. कारण बघा, हवेत डिपिंग ऑइलचा अंश, शेजारी बेदाण्याचा रंग टिकवायला देतात ती गंधकाची धुरी, आणि आर्द्रतेचा सेन्सर आत पॉलिमरचा असतो, त्याच्यावर असली रसायनं बसली की तो हळूहळू चुकीचं सांगायला लागतो. सर्किटचं तांबंही धुरीनं काळं पडतं. हे घरी बसून सुटणारं काम नव्हतं.

इथं पहिल्यांदा योजना कामाला आली. केंद्राच्या विज्ञान तंत्रज्ञान विभागाचा निधी-प्रयास नावाचा कार्यक्रम आहे, त्यात कल्पनेपासून प्रोटोटाइप म्हणजे पहिला चालता नमुना करायला 10 लाखांपर्यंत मदत मिळते. पैसे थेट दिल्लीवरनं येत नाहीत, इन्क्युबेशन सेंटरमार्फत, म्हणजे नव्या उद्योगांना साधनं आणि मार्गदर्शन देणाऱ्या केंद्रामार्फत येतात, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकारातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. पुण्यातल्या सेंटरवर आम्हाला एक मॅडम मेंटॉर मिळाल्या, त्यांनी पहिल्याच बैठकीत आमचं ॲप बघायलाही नकार दिला आणि म्हणाल्या, "ॲप राहू दे बाजूला, सहा महिने धुरीत ठेवल्यावर तुमचा सेन्सर किती चुकतो ते आधी सांगा." मग तिथल्या टेस्ट चेंबरमध्ये दमट-कोरडं, गरम-गार असं फिरवून फिरवून बघितलं, सेन्सरवर बारीक छिद्रांचा फिल्टर आला, सर्किटवर कोटिंग आलं, आणि सेन्सरचा भाग दर सीझनला बदलता येईल असा सुटा केला. ते चेंबर विकत घ्यायचं आमच्या ऐपतीत नव्हतं, कर्ज काढूनसुद्धा नाही.

त्यानंतर कंपनी रजिस्टर केली, स्टार्टअप इंडियाची मान्यता घेतली आणि सीड फंडला, म्हणजे सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या योजनेला अर्ज केला. 2021 साली केंद्रानं 945 कोटींची ही योजना चार वर्षांसाठी आणली, तेव्हाचे नियम सांगतो. प्रोटोटाइप, चाचण्या यासाठी 20 लाखांपर्यंत अनुदान आणि पुढं बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत, पण ते कर्ज किंवा रोख्यांच्या रूपात, हा फरक नीट समजून घ्या. अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नको, म्हणून रजिस्ट्रेशनची घाई करू नका, काहीतरी हातात तयार असू दे मगच करा. पसंतीक्रमानं तीन इन्क्युबेटरना (अशाच सेंटरना) अर्ज करता यायचा आणि इन्क्युबेटरनं अर्जदाराकडनं फी घ्यायची नाही असा स्पष्ट नियम होता, त्यामुळं "आम्ही मंजूर करून देतो, एवढे द्या" म्हणणारा एजंट भेटला तर सरळ फोन ठेवा. पैसे हप्त्यानं येतात, ठरलेला टप्पा पूर्ण केला की पुढचा हप्ता. कटकट वाटते खरी, पण त्या टप्प्यांमुळंच आमचा हिशेब आणि टेस्ट रिपोर्ट वेळच्या वेळी लिहायची सवय लागली, पुढं बँकेत तेच कागद उपयोगी पडले.

बारीकसारीक फायदेही बरेच. स्टार्टअपला पेटंटच्या फीमध्ये 80 टक्के सवलत आहे, ट्रेडमार्क ऑनलाइन 9000 ऐवजी 4500 मध्ये होतो. आपल्या राज्याच्या 2018 च्या स्टार्टअप पॉलिसीत राज्य सरकारची नाविन्यता सोसायटी स्टार्टअप सप्ताह घ्यायची आणि निवडलेल्यांना सरकारी खात्याकडनं 15 लाखांपर्यंतची वर्क ऑर्डर मिळायची, 2025 मध्ये नवी पॉलिसी आली. आमचा माल शेतकऱ्याच्या शेडवर जातो म्हणून आम्ही त्या वाटेनं गेलो नाही, पण ज्यांचं उत्पादन नगरपालिका किंवा दवाखान्यात लागणारं आहे त्यांनी हे सोडू नये, कारण नव्या कंपनीला पहिलं गिऱ्हाईक मिळणं अनुदानापेक्षा अवघड.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे कवठेमहांकाळ भागातले एक तात्या. म्हणाले, "पोरांनो, यंत्र ठेवा, पण माल खराब झाला तर मला आकडे दाखवू नका." दोन सीझन त्यांनी शेड वापरायला दिली, एका बाजूला यंत्र आणि दुसऱ्या बाजूला नेहमीची पद्धत, दोन्हीकडचा माल वेगळा ठेवून सौद्यात म्हणजे लिलावात वेगळा लावला. त्यांच्या शब्दावर आजूबाजूच्या शेडवाल्यांनी यंत्रं घेतली. कुठल्याही योजनेत तात्या मिळत नाहीत, आणि माझं म्हणणं तिथंच आहे, मदत जवळ आणि वेळेवर पाहिजे.

पुणे इथनं सव्वादोनशे किलोमीटरवर. योजनांच्या प्रेझेंटेशनच्या तारखा यायच्या नेमक्या मार्चमध्ये, जेव्हा आम्ही शेडवरनं हलू शकत नव्हतो. शेतीच्या तंत्रज्ञानाला मदत करायची तर वेळापत्रक पिकाचं पाहिजे, ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी पैसे हातात आले तरच यंत्र सीझनला तयार होतं, नाहीतर आख्खं वर्ष जातं. आणि टेस्टिंगची सोय जिल्ह्यात पाहिजे. इथं 1947 पासून वालचंद कॉलेज आहे, कुपवाड-मिरजेला एमआयडीसी आहे, सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनवर) हात बसलेली पोरं आहेत. एक टेस्ट चेंबर, वायरलेस मोजणीची थोडी साधनं आणि तासावर भाड्यानं वापरायची मुभा, एवढ्यावर कितीतरी कामं इथंच होतील. 1910 मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी माळरानाची जागा दिली म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली, म्हणजे उद्योगाला जवळच्या माणसानं आधार द्यायचा ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही.

आता आम्ही कुपवाडला छोटं वर्कशॉप घेतलंय, असेंब्ली तिथंच होते, काम करणारी बहुतेक मुलं-मुली आयटीआय आणि डिप्लोमा झालेली इथलीच. पुढचं काम कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याचं आणि हळदीच्या गोदामाचं चाललंय. कुणी शेतमालावर काही बनवत असेल आणि अर्ज कसा लिहायचा इथं अडलं असेल तर मे-जूनमध्ये, शेडचं काम आटपलं की वर्कशॉपवर या, आमचा जुना अर्ज आणि टेस्ट रिपोर्ट समोर ठेवून बसू. योजनांचे नियम दरवर्षी थोडे बदलतात, तेवढं निघायच्या आधी पोर्टलवर बघून घ्या.