नादारीचा अर्ज केला तेव्हा
कर्ज फेडता येत नाही म्हणून नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा अर्ज करणार असाल तर धंदा कंपनीच्या नावावर आहे की नुसता तुमच्या, हे आधी बघा. मला हे कुणी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर चार महिने वाचले असते.

माझा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना, प्रोप्रायटरशिप, म्हणजे नुसता माझ्या नावावर. दोन मोठी गिऱ्हाइकं बुडाली, मागोमाग मी. ज्या सल्लागाराकडे गेलो तो 2016 च्या दिवाळखोरी संहितेचंच सांगत राहिला. तिची कंपन्यांसाठीची वाट वेगळी, आणि तिथेही 2020 पासून किमान एक कोटीची थकबाकी लागते. व्यक्तींसाठीचा भाग 1 डिसेंबर 2019 ला सुरू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. माझ्यासाठी होता 1920 चा प्रांतिक नादारी कायदा, दिवाणी न्यायालयात. (मुंबई शहराला 1909 चा वेगळा आहे.)

वकील मिळाले, अर्ज झाला. अडकला तो घेणेकऱ्यांच्या यादीवर. प्रत्येकाचं नाव, राहण्याचा पत्ता आणि रक्कम द्यावी लागते. माझ्या वहीत नोंद अशी: ‘कागदवाले अण्णा, 38,400’. न्यायालयाच्या कार्यालयाने हरकत काढली, पूर्ण नाव नाही. ते दिलं. पंधरा दिवसांनी दुसरी हरकत, पत्ता दुकानाचा आहे, घराचा नाही. मग तिसरी, कापणीच्या यंत्राची किंमत लिहिली, पण ते ठेवलंय कुठे? या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय हरकत होती? दर वेळी अकरा वाजता खिडकीशी उभं राहायचं आणि समासात पेन्सिलीची नवी खूण घेऊन परतायचं. तिकडे वसुलीवाल्यांचे फोन चालूच, कारण अर्ज असा लटकलेला असताना काहीच संरक्षण नव्हतं. त्या खुणा आठवल्या की अजून चीड येते.

अण्णांकडे घरचा पत्ता मागायला जाताना पाय उचलत नव्हते. ते काही बोलले नाहीत. माझ्याच थकलेल्या बिलाच्या मागे पत्ता लिहून दिला.

मेव्हण्याचे हातउसने मी लाजेपोटी यादीत घातले नव्हते. वकिलांनी दोनदा विचारल्यावर सांगितलं. तुम्ही असं करू नका, एकही नाव वगळू नका.

अखेर नादार जाहीर झालो. मालमत्ता रिसीव्हरकडे, म्हणजे ती ताब्यात घ्यायला न्यायालयाने नेमलेल्या माणसाकडे गेली आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय कुणाला दावा लावता येईना. त्या रात्री कित्येक महिन्यांनी सलग झोप लागली. तारण ठेवलेल्या मालाला मात्र हे कवच नाही. बँकेने गहाण असलेलं छपाईचं यंत्र नेलंच. सरकारी देणीही यातून सुटत नाहीत. म्हणून बँकेशी एकरकमी तडजोडीचं आधी बोलून पाहा. मी गेलो तेव्हा उशीर झाला होता.

आणि हो, ऋणमुक्तीचा, म्हणजे उरलेल्या कर्जातून सुटकेचा अर्ज किती दिवसांत करायचा ते हुकमातच लिहिलेलं असतं. ती मुदत चुकली तर सगळा हुकूम रद्द होऊ शकतो. माझ्या हुकमाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, तारखेभोवती लाल गोल करून.