६० दिवस
आज शेजारच्या टेबलावरच्या मित्राची नोकरी गेली. लॅपटॉप परत करून आला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत राहिला. एच-१बीवर (अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा) नोकरी सुटली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरायला हवा, नाहीतर बहुधा अमेरिकेतून गाशा गुंडाळा.

त्याचं आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी (कायम राहण्याचा परवाना) कंपनीने भरलेला अर्ज, मंजूर होऊन वर्षं झालीत. ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख टिकते, हाच काय तो दिलासा. पर्मपासूनचे (कामगार खात्याची मंजुरी, ग्रीन कार्डची पहिली पायरी) कागद मात्र नव्या कंपनीकडून नव्याने. आणि रांग तरी केवढी! देश लहान असो की मोठा, प्रत्येकाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी साधारण ७ टक्क्यांचीच मर्यादा. मला हा सरळ अन्याय वाटतो.

संध्याकाळी त्याच्याकडे बसून बायोडेटा नीट केला. त्याची मुलगी त्याला विचारत होती, "बाबा, आज लवकर कसा आलास?"

कुणाच्या कंपनीत नोकरीची जागा असेल तर कृपया मेसेज करा.