बटर पेपरची वही: चिकटलेल्या स्पंजपासून पुढे

आठवडा १

स्पंज छान फुगला, पण बुडाचा कागद काही सुटेना. ओढला तर केकचा थर कागदाबरोबर आला. रोलवर 'बटर पेपर' असं लिहिलेलं होतं, म्हणून मी निर्धास्त होते. चूक तिथेच झाली.

'बटर पेपर' म्हणून आपण घरात जे आणतो ते तीन निरनिराळे कागद असू शकतात. बेकिंगचा खरा पार्चमेंट बनवताना कागद सल्फ्युरिक आम्लातून काढतात. त्याने तंतू एकमेकांत घट्ट बसतात, आणि वरून सिलिकोनचा लेप देतात. केक सुटतो तो या लेपामुळे. ग्रीसप्रूफ कागदात लगदा भरपूर कुटून दाट केलेला असतो, त्यातून तेल झिरपत नाही. पण लेप नसेल तर ओलं पीठ त्याला धरून बसतं. माझा हाच होता. तिसरा वॅक्स पेपर. त्यावर मेण असतं, ते ओव्हनमध्ये वितळून धूर करतं. पीठ मळायला किंवा चॉकलेट गोठवायला तो चालतो, भट्टीत नाही.

आठवडा २

आता रोल आणला की दोन परीक्षा घेते. आधी पाण्याचा थेंब. तो मोत्यासारखा उभा राहिला तर वर लेप आहे. कागद ओला होऊन सुरकुतला तर नाही. मग नखाने ओरखडा. पांढरा चरा उठून नखाला काहीतरी लागलं तर ते मेण. दोन्हीत पास झाला तरच ओव्हन.

कागद टिनमध्ये बसत नसेल तर सरळ चोळामोळा करून पुन्हा पसरा. दिसायला वाईट, पण गप्प बसतो. गोल कापायला चौकोन घ्या, त्रिकोणी घड्या घालत जा, टोक टिनच्या मध्यावर धरून कडेला कापा.

आठवडा ३

कागद संपला म्हणून कुकीज फॉइलवर लावल्या. तेल लावूनही दोन चिकटल्या, आणि तळ कागदावरच्यापेक्षा जास्त भाजला. सुरकुत्यांचे ठसे उठले ते वेगळंच. लिंबाच्या टार्टखाली फॉइल नकोच, आंबटाशी ॲल्युमिनियमचं जमत नाही.

सिलिकोन मॅट मात्र कुकीजना आवडली. फक्त जरा जास्त पसरल्या आणि तळ फिका राहिला. मॅटवर सुरी चालवायची नाही, आत फायबरग्लासची जाळी असते. (मी चालवली. एक मॅट गेली.)

आठवडा ४ आणि ५

झाकणाच्या जाड भांड्यात २५० अंशांवर पाव भाजला. कागदाच्या डब्यावर २२० लिहिलेलं होतं, तरी 'तेवढं चालतं' म्हणून तो पावाखाली ठेवला. कागदाच्या कडा काळ्या पडल्या, उचलताना चुरा झाला, पाव उचलायला सांडशी शोधावी लागली. आता त्याऐवजी भांड्याच्या तळाशी रवा भुरभुरते, पाव सहज निघतो. ग्रिलच्या लाल कॉइलखाली तर कुठलाच कागद ठेवू नका. वर्तमानपत्र, खाकी पिशवी असले पर्याय मी करून पाहिले नाहीत आणि पाहणारही नाही.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी निघाली ती कागद नसलेली युक्ती: तेल, वनस्पती तूप आणि मैदा, तिन्ही सम प्रमाणात फेटून मऊ लेप. ब्रशने टिनच्या प्रत्येक खाचेत लावायचा. नक्षीच्या टिनमध्ये कागद बसतच नाही, तिथे हाच. बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवलाय. शिफॉन केकला मात्र कडेला काहीही लावत नाही. त्याचं पीठ टिनच्या भिंतीला धरूनच वर चढतं.

सध्या एकच पार्चमेंट कुकीजच्या चौथ्या फेरीला वापरतेय. मधोमध तपकिरी झालाय, पण अजून सुटतोय. कडक होऊन मोडायला लागला की थांबेन.