मोडलेला पाय

रविवार, रात्रीचा एक

'डबल इन्डेम्निटी' हा चित्रपट आज चौथ्यांदा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा विमा कंपनीच्या क्लेम खात्यात नोकरीला होतो, त्यामुळे अर्धी गोष्ट नावातच कळली. अपघाती मृत्यूला दुप्पट रक्कम. आमच्याकडे डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट, फायलीवर नुसतं डीएबी. दिग्दर्शक बिली वाइल्डरनं १९४४ साली या एका कलमावर अख्खा खून रचला.

रहस्य असं नाहीच. विमा एजंट वॉल्टर नेफ गोळी लागलेल्या अवस्थेत रात्री ऑफिसात येतो, डिक्टाफोन या आवाज नोंदवणाऱ्या यंत्रासमोर बसतो आणि सगळं कबूल करतो. खून पैशासाठी केला, बाईसाठी केला; हाती दोन्ही लागलं नाही. त्या बाईच्या, फिलिसच्या, नवऱ्याची सही कशी घेतली? गाडीच्या विम्याची दुसरी प्रत म्हणून अपघात विम्याचा अर्ज पुढे सरकवला. "सही कुठे करू?" म्हणत न वाचता सह्या करणारी माणसं मी रोज पाहिली. वाचा, असं मीही कुणाला म्हटलं नाही.

पुढे त्या नवऱ्याचा पाय मोडतो. तो कुबड्यांवर प्रवासाला निघतो, स्टेशनच्या वाटेवर मारला जातो, आणि आगगाडीत चढतो तो मात्र त्याच्या कुबड्या घेतलेला नेफ.

क्लेम मॅनेजर कीजच्या पोटात एक छोटा माणूस बसलाय, खोटा क्लेम आला की तो कीजला जेवू देत नाही. आमच्या खात्यातही असे एक साहेब होते. त्यांचं पित्त उसळलं की फाईल पुन्हा उघडायची. तर कीज विचारतो, अपघात विमा असलेल्या माणसाचा पाय मोडला, मग त्यानं क्लेम का नाही केला? पॉलिसी आहे हेच त्याला ठाऊक नसेल तरच! इथे मी दर वेळी खुर्चीत सरसावून बसतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही, न आलेला एक क्लेम फॉर्म.

त्याच प्रसंगात पुढे फिलिस नेफच्या दारामागे लपते, कारण दार बाहेर उघडतं. घराचं दार असं कुठे असतं? पण चालतं. प्रेत रुळांवर टाकल्यावर त्यांची मोटार सुरू होत नाही, तेव्हा मीही 'लाग बाबा एकदाची' म्हणतो, खुन्यांच्या बाजूनं.

चित्रपटभर कीजच्या खिशात काडेपेटी नसते. सिगार तोंडात, हात खिसे चाचपताहेत, आणि नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून पुढे धरतो. शेवटी नेफ दारात कोसळलेला, सिगारेट ओठात, काडी ओढायचं बळ नाही. कीज खाली वाकतो आणि काडी ओढतो.

वाइल्डरनं यानंतरचा, नेफला गॅस चेंबरमध्ये मृत्युदंड देण्याचा प्रसंगही चित्रित केला होता. तो काढून टाकला.