अटॅकनंतर पुन्हा दुखणारी छाती

अँजिओप्लास्टी होऊन घरी गेलेला माणूस काही आठवड्यांत पुन्हा छाती धरून येतो, तेव्हा नातेवाइकांच्या मते एक तर तो दुसरा अटॅक असतो, नाही तर आदल्या रात्रीचा सावजी रस्सा. ईसीजी लावता लावता मी मात्र आधी एवढेच विचारतो, की पहिल्या वेळी दुखले होते तसेच दुखते आहे का? तेच दडपण, तोच घाम, तोच हातात उतरणारा ठणका असेल, तर स्टेंटमध्ये, म्हणजे धमनीत बसवलेल्या जाळीच्या नळीत, गुठळी झाली आहे असे धरूनच पावले उचलावी लागतात. पहिल्या ३० दिवसांत हा धोका मोठा असल्याने रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या खरोखर घेतल्या गेल्या का, हे मी पट्ट्या मागवून मोजून पाहतो.

नागपूरच्या धंतोलीत मे महिन्यात आलेल्या एका काकाजींचे उत्तर वेगळे होते. "झोपलो का चमक मारते, समोर वाकून बसलो का बरं वाटते," असे म्हणत ते आडवे व्हायलाच तयार नव्हते. तसेच वाकवून स्टेथोस्कोप लावल्यावर छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला नव्या कोल्हापुरी चपलेसारखी करकर ऐकू आली. ईसीजीत एकाच धमनीच्या हद्दीत न राहता बहुतेक लीडमध्ये (हृदयाकडे वेगवेगळ्या बाजूंनी पाहणाऱ्या आलेखांत) एसटी हा रेषेचा भाग वर उचललेला होता, अंगात बारीक ताप होता, सीआरपी हा सूज दाखवणारा रक्तातला घटक वाढलेला होता आणि इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, हृदयाभोवती थोडे पाणी होते. स्नायूची भिंत कुठे फाटलेली नाही, हेही त्यातच पाहून घेतले. विल्यम ड्रेसलर यांनी १९५६ मध्ये वर्णन केलेला हा आजार, ड्रेसलर सिंड्रोम. इजा झालेल्या स्नायूविरुद्ध प्रतिकारशक्ती उठते आणि काही आठवड्यांनी हृदयाच्या आवरणाला सूज येते. धमनी तातडीने उघडली जाऊ लागल्यापासून तो क्वचितच दिसतो, आणि म्हणूनच निसटतो.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारे प्रथिन, इथे फसवतो. अटॅकनंतर तो १० ते १४ दिवस वाढलेला राहू शकतो, त्यामुळे एकट्या 'पॉझिटिव्ह' रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. काही तासांनी पुन्हा तपासून आकडा २० टक्क्यांहून अधिक चढला, तर नवी इजा मानतात. आजचा ईसीजीही डिस्चार्जच्या वेळच्या ईसीजीशेजारी ठेवूनच वाचावा लागतो, आणि नेमका तोच कागद घरी राहिलेला असतो.

काकाजींना मोठ्या मात्रेत ॲस्पिरिन आणि सोबत कोल्चिसिन हे सूज उतरवणारे औषध सुरू केले. मेडिकलमधून इब्युप्रोफेन परस्पर आणू नका, असे मुलाला बजावले, कारण ती गोळी ॲस्पिरिनच्या कामात आड येते. पाणी वाढते का, हे पाहण्यासाठी आठवड्याने पुन्हा इको करायचे ठरले.