मार्चात मी फडात असते

आज दिवसभर साक्षरता कार्यक्रमाचे शासन निर्णय वाचत बसले होते. संध्याकाळी पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर वर्गाला गेले आणि एका मावशीनं सकाळपासूनचं सगळं वाचन एका वाक्यात उलटं केलं.

‘उल्लास’ ही केंद्राची योजना, २०२२ ते २०२७ साठी. पंधरा वर्षांपुढचे निरक्षर, शिकवायला स्वयंसेवक, शेवटी १५० गुणांची परीक्षा: वाचन, लेखन, संख्याज्ञान. आपल्या राज्यात पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ ला झाली. मी तारीख सांगितली तशी मावशी म्हणाली, “ताई, मार्चात मी फडात असते. कोयता काय पाटीपेन्सिलीसाठी थांबतो व्हय?”

खरंच आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या फडावर, म्हणजे उसाच्या शेतावर निघतात, उचल म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम आधीच घेतलेली असते, परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. शिकायची ज्यांना सगळ्यात जास्त गरज, त्याच बाया परीक्षेच्या दिवशी गावात नसतात. शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयापर्यंतच. मोठ्यांसाठी असते ती योजना, मुदतीची. संपली की पुढच्या निर्णयाची वाट बघायची. आधीची प्रौढ साक्षरतेची योजना ‘साक्षर भारत’ २०१८ ला थांबली तेव्हा हेच झालं.

मावशीला उचलीचा आकडा स्वतः वाचायचाय. टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत आजवर तिनं फक्त अंगठा दिलाय.

बीड, धाराशिवसाठी जुलै-ऑगस्टात परीक्षा घ्या, असं निवेदन आज रात्रीच लिहिते आहे. वस्तीवरच्या बायांची सही घेणार आहे. मावशीला नावातली पहिली दोन अक्षरं येतात, तिसरं उद्या गिरवणार आहोत.