तीनशे मीटर लिहिलेलं घड्याळ

मे महिन्यातली दुपार. धुळ्यात आग्रा रोडच्या आतल्या गल्लीत माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. शिंदखेडा तालुक्यातल्या तापीकाठच्या गावातून एक मासेमारी करणारे गृहस्थ मुलाला घेऊन आले. मनगटावरचं जाडजूड काळं घड्याळ काढून त्यांनी काउंटरवर ठेवलं. सुरतला मिलमध्ये कामाला असलेल्या धाकट्या भावाने पाठवलेलं.

"दादा, पानीमा चाली ना हाई?"

डायलवर नामांकित स्विस कंपनीचं नाव, खाली '३०० मीटर'. छपाई भिंगाखाली पाहिली आणि नक्कल आहे हे कळलं. पाण्यात कशाला न्यायचंय, असं विचारलं. जाळं तळातल्या खोडात अडकलं की दम धरून खाली जावं लागतं आणि आत किती वेळ गेला ते समजत नाही, म्हणाले. हे ऐकल्यावर वरवर पाहून परत देणं मला शक्य नव्हतं.

उन्हातून आल्यामुळे घड्याळ चांगलंच तापलं होतं. काचेवर माठातल्या पाण्याचा थेंब ठेवला, मिनिटभराने पुसला. आतून वाफ धरली नव्हती. ते खुश झाले. मी म्हटलं, "भाऊ, आजवर आत पाणी गेलं नाही, एवढंच यातून कळतं. पुढे जाणार नाही, असं नाही."

झाकण उघडून मशीन बाहेर काढलं. झाकणाचं वॉशर चपटं, कोरडं पडलेलं. ते बदललं, सिलिकॉन ग्रीस लावलं, चावी आवळली आणि रिकामी केस दाबाच्या यंत्रात टांगली. खाली पाणी, वर हवा. पंपाने हवेचा दाब ३ बारपर्यंत चढवला, म्हणजे साधारण ३० मीटर पाण्याचा दाब. फट असेल तर तिथून हवा केसमध्ये शिरते. थोडं थांबून केस पाण्यात उतरवली आणि दाब हळूहळू सोडला, की तीच हवा बुडबुडे होऊन बाहेर येते.

चावीपाशी बारीक माळ सुटली. चावीच्या आत वॉशरच नव्हतं! नवं बसवलं, पुन्हा दाब दिला. चावी आता गप्प होती. पण समोरच्या बाजूच्या गोल बटणाखालून एक बुडबुडा, मग दुसरा. खोल समुद्रात दाबाच्या बंद कक्षात राहून काम करणाऱ्यांच्या घड्याळात हेलियम वायू शिरतो. तो बाहेर सोडायला काही घड्याळांना तिथे झडप असते. इथे आरपार भोक पाडून शोभेचं बटण चिकटवलेलं होतं. दिखाव्यासाठी चांगल्या स्टीलला भोक पाडलेलं पाहून मला फार वाईट वाटलं.

माझं यंत्र ६ बारपर्यंतच जातं. ३०० मीटर म्हणजे ३० बार. आयएसओ ६४२५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांचं घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाला तपासतात, म्हणजे साडेसदतीस. हे घड्याळ तिनालाच हरलं होतं. भोक गोंदाने बुजवता आलं असतं, पण पाण्याखाली माणूस ज्यावर विसंबणार, तिथे त्या गोंदाची हमी मी कशी देऊ? नक्कल आहे हेही सांगितलं.

ते बराच वेळ घड्याळाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाऊले सांगानं नही."

मी मशीन बसवलं, झाकण लावलं आणि घड्याळ मुलाच्या हातात दिलं. काचेभोवतीची कडी फिरवून दाखवली: बाबा पाण्यात उतरले की हा त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. कडी एकाच दिशेने फिरते. धक्का लागून सरकली तरी गेलेला वेळ जास्तच दिसेल, कमी कधीच नाही. प्रत्येक डुबकी मात्र सेकंदकाट्यावर मोजायची. घड्याळ नावेतच राहील.

"मी मोजसू," मुलगा म्हणाला. दुकानातून उतरतानाही त्याच्या हातात कडीचं टिकटिक चालूच होतं.